मानकर मॅडम आणि उन्हातली गाडी

नवी गाडी समोर आली की माणसं आधी स्टिअरिंगपुढे जाऊन बसतात. कल्पना मानकर मागचं दार उघडायच्या. मागच्या सीटवर मधोमध बसायच्या, दोन्ही तळहात सीटवर टेकवायच्या आणि दार ओढून घ्यायच्या. बाहेर नागपूरचा मे महिना, गाडी उन्हात, एसी बंद, तरीही. आम्ही शेडच्या सावलीतून बघत राहायचो. बऱ्याच वेळाने त्या बाहेर यायच्या, डोक्याला बांधलेल्या ओढणीने कपाळ पुसायच्या आणि म्हणायच्या, "चला, भेट झाली हिची."

माझी त्यांच्याशी पहिली भेट अशा एका गाडीपाशीच झाली. मी पुण्याहून सकाळी उतरलो होतो, दुपारी त्यांच्यासमोर उभा राहिलो. सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट शूज, खांद्याला पर्स. माझं नाव विचारलं, प्रसाद म्हटलं. त्यांनी पर्समधून एक कांदा काढून माझ्या हातात ठेवला.

"खिशात ठेव. ऊन लागत नाही म्हणतात. लागलं तं मले नको सांगू, पाणी पी." मग गाडीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बस मागं."

मी म्हटलं, "मॅडम, आतलं तापमान मोजायला सेन्सर लावलेत ना?"

"लावले ना. सेन्सरले घाम येते काय? बस गा, पाच मिनिटं बस. मग बोलू सेन्सरवर."

मी बसलो. बाहेर आलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि सेन्सरबद्दलचं माझं भाषण विसरलो होतो. त्यांनी माठातलं पाणी दिलं. "आता तू कामाचा माणूस झाला," म्हणाल्या.

आमची कंपनी पुण्याची, नावाला इथे महत्त्व नाही. ती एक छोटी हायब्रिड गाडी बनवत होती. म्हणजे पेट्रोलचं लहान इंजिन, जोडीला विजेची मोटर आणि त्या मोटरसाठी बॅटरी. ब्रेक दाबला की एरवी वाया जाणारा जोर विजेत बदलून बॅटरीत साठायचा, आणि सिग्नलवरून निघताना मोटर तीच वीज वापरून इंजिनला हात द्यायची. गाडी पुण्यात आखली जायची, पण तिची उन्हाळ्याची परीक्षा नागपुरात व्हायची. हिंगणा रस्त्याच्या कडेला आमची एक मोठी शेड होती. तिच्या प्रमुख मानकर मॅडम. त्यांनी सही केल्याशिवाय गाडी बाजारात जात नसे. नागपूरच्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून त्या शिकल्या होत्या, त्या वर्षी सगळ्या कॉलेजात तीन मुली, त्यातल्या मेकॅनिकलला त्या एकट्या. पुढे परदेशातही दोन वर्षं बॅटरीवर काम करून आल्या होत्या. भाषा मात्र जाताना होती तीच घेऊन परतल्या. पुण्याच्या मीटिंगमध्येही "मले", "तुले" चालायचं. कोणी हसलं तर त्या थांबायच्या, त्याचं हसणं पूर्ण होऊ द्यायच्या आणि पुढचा मुद्दा मांडायच्या. पुन्हा कोणी हसत नसे.

मी आलो तेव्हा गाडीची पहिली पिढी रस्त्यावर होती. तिची बॅटरी मागच्या डिकीत, जवळजवळ अर्धी डिकी खाऊन बसलेली. बॅटरी थंड ठेवायला गाडीच्या आतली हवा ओढणारा पंखा होता आणि त्या हवेसाठी मागच्या सीटच्या पाठीशी एक जाळी. कागदावर गाडी चांगली होती. लोकांना मात्र आवडत नव्हती. मोटरची मदत कमी, सामानाला जागा नाही, आणि विदर्भातून एकच तक्रार यायची: उन्हाळ्यात गाडी "बसते". पुण्याहून उत्तर जायचं की चालवण्याची पद्धत चुकीची असेल.

मॅडमनी ते उत्तर वाचलं आणि कंपनीची एक गाडी घेऊन स्वतःच्या मावशीला लग्नाला नेलं. पारशिवनीला, त्यांच्या माहेरी. मीही होतो. पुढे स्टिअरिंगवर मी, शेजारी मॅडम, मागे मावशी, मावशीची सून आणि नातू. डिकीत जागा नाही म्हणून आहेराचं गाठोडं, चादरी आणि पिशव्या मागच्या सीटच्या पाठीशी रचलेल्या. मनसरच्या अलीकडे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडीतला जीवच गेला. इंजिन चालू होतं, पण मोटरने हात काढून घेतला होता. ट्रक मागून हॉर्न वाजवत होते.

मॅडमनी गाडी कडेला घ्यायला लावली, उतरून मागचं दार उघडलं आणि गाठोडं उचललं. मागे ती जाळी होती, पूर्ण झाकलेली; बॅटरीला हवाच मिळत नव्हती.

मावशी घाबरल्या. "मी काही खराब केलं काय वं कल्पना?"

"नाही मावशी, तू तं बरोबरच ठेवलं. जाळी चुकीच्या जागी बसली." मग माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा कोड्याचं उत्तर सापडलेल्या मुलीसारखा झाला होता. "पाहून राहिला काय प्रसाद? आपण शेडमधे रिकाम्या सीटवर गाडी पळवतो. रिकाम्या सीटनं लग्नाले कोण जाते?"

गाठोडं मावशींच्या मांडीवर गेलं. थोड्या वेळाने दिवा विझला, गाडी पुन्हा चालायला लागली. लग्नात मॅडम कोणाशी बोलल्या मला आठवत नाही. त्या मांडवाबाहेर उभ्या राहून प्रत्येक गाडीतून सामान कसं उतरतंय ते बघत होत्या.

दुसरी पिढी आली ती फार सुधारून. नवी हलकी बॅटरी मागच्या सीटखाली गेली, डिकी मोकळी झाली, मोटर दमदार झाली. हवेची जाळी सीटच्या बाजूला, दाराजवळ आली. पुण्यात सगळे खूश होते. दिवाळीला गाडी बाजारात आणायची होती, जाहिरातींची तयारी झाली होती. फक्त नागपूरची सही बाकी होती.

मॅडम मागच्या सीटवर बसल्या, हात बाजूला नेला, त्यांचा हात जाळीवर आला. बाहेर येऊन म्हणाल्या, "इथं पिशवी बसन. शंभर टक्के."

त्यांनी सही नाकारली. पुण्याहून प्रकल्पाचे प्रमुख सहस्रबुद्धे सर स्वतः आले. उंच, शांत, इस्त्रीचा शर्ट. रागावले की आवाज आणखी खाली जायचा. मॅडमनी त्यांच्याही हातात कांदा ठेवला. सरांनी तो दोन बोटांत धरला आणि कुठे ठेवावा हे न कळून माझ्याकडे दिला.

"मॅडम, सेन्सरचे सगळे आकडे मर्यादेत आहेत."

"आकडे आहेत सर. चला, तुम्हीच बसा मागं. पारशिवनीले जाऊन येऊ."

सकाळी इतवारीच्या बाजारातून त्यांनी पितळी भांड्यांचा एक संच आणि दोन मोठ्या पिशव्या भरून कापड घेतलं. दारालगतची सीट भरली, जाळी झाकली गेली. उरलेल्या जागेत सहस्रबुद्धे सर आणि मी. मॅडम पुढे, स्टिअरिंगवर. एसी पूर्ण वेगात. आम्ही कामठी सोडली, कन्हान ओलांडली, मनसर आलं. दिवा लागला नाही. पारशिवनीत मॅडमचे भाऊ विठ्ठलभाऊ दारात उभे होते.

"या साहेब, पानं वाढलीच आहेत."

"नको, नको. मला संध्याकाळच्या विमानाने परत जायचं आहे." सरांनी गाडीतूनच हात जोडले. आम्ही तिथूनच फिरलो. परतीतही दिवा लागला नाही. गाडी अशी सुरेख चालली की मला मनातून तिचा राग आला.

शेडमध्ये उतरल्यावर सहस्रबुद्धे सर हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. फक्त म्हणाले, "आता सही कराल?"

"नाही सर."

"का?"

"आज नाही लागला दिवा. काहून नाही लागला, ते मले समजलं नाही. समजल्याबिगर सही करू काय?"

"मग मला दुसऱ्या कोणाची तरी सही घ्यावी लागेल."

"घ्या ना. मी थोडीच हात धरून राहिली कोणाचा."

सर गेले. शेडमध्ये दोन दिवस सगळे त्या फेरीचे आकडे चाळत होते. तिसऱ्या दिवशी मॅडम चहाचा ग्लास घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. त्या घाबरलेल्या नव्हत्या, चिडलेल्याही नव्हत्या. पोळी करताना बाईचं लक्ष तव्यावर असतं तसं त्यांचं लक्ष कशावर तरी लागलेलं होतं.

"प्रसाद, त्या दिवशी आपण काय नाही केलं? लग्नाले गेलो तेव्हा केलं आणि त्या दिवशी नाही केलं, असं काय?"

मी आठवत गेलो. सामान होतं. माणसं होती. रस्ता तोच.

"जेवलो नाही," मी सहज म्हणालो.

मॅडमनी ग्लास टेबलावर ठेवला. "अरे बाप्पा," म्हणाल्या. मग एकदम मोठ्याने हसल्या. "जेवलोच नाही ना गा आपण!"

खरंच तेवढंच होतं. लग्नाच्या दिवशी आम्ही मावशींकडे जेवून निघालो होतो; गाडी त्यांच्या दारात सकाळभर उन्हात उभी होती, आणि बॅटरी आधीच तापलेली होती. सरांबरोबर गेलो तेव्हा गाडी शेडच्या सावलीतून निघाली, कुठे थांबली नाही, एसी कधी बंद झाला नाही. बॅटरी थंड निघाली आणि थंड परतली. आपल्याकडे माणूस कोणाकडे गेला तर जेवल्याशिवाय परत येत नाही. तो जेवतो, कूलरसमोर पडतो, चहा घेतो. गाडी तेवढा वेळ अंगणात भाजत असते. मग सगळे एकदम बसतात, सामान ठेवतात आणि निघतात. आमच्या कुठल्याच चाचणीत हे नव्हतं.

मॅडमनी लगेच पुण्याला फोन लावला. "सर, दुसऱ्या कोणी सही केली काय? नाही ना? मग एक डाव अजून या. पण सकाळचं विमान पकडा आणि परतीचं दुसऱ्या दिवसाचं. जेवाले या."

फोन स्पीकरवर होता. सर म्हणाले, "हा चाचणीचा भाग आहे का?"

"हो सर. मुख्य भाग आहे."

ते आले. तीच गाडी, तीच भांडी, त्याच पिशव्या. विठ्ठलभाऊंच्या अंगणात भर उन्हात गाडी उभी केली. वहिनींनी पाटवडीचा रस्सा केला होता, आमरस, कुरडया, भात. सहस्रबुद्धे सरांनी पहिला घास घेतला आणि डोळ्यांतलं पाणी पुसलं. विठ्ठलभाऊ म्हणाले, "तिखट झालं काय साहेब? रस घ्या वरून." सरांनी रस घेतला, मग रस्सा पुन्हा मागितला. जेवणानंतर कूलरच्या वाऱ्यात, सतरंजीवर, आमच्या कंपनीचे प्रकल्पप्रमुख गाढ झोपले. मॅडम उंबऱ्याशी बसून अंगणातल्या गाडीकडे बघत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, आजही नाही लागला तर?"

"नाही लागला तं सही करीन. खोटं थोडीच बोलायचं आहे आपल्याले."

चहा झाल्यावर आम्ही निघालो. गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता. सामान गरम, सीट गरम. एसी सुरू केला. गावाबाहेरच्या चढावर पिवळा दिवा लागला आणि गाडी मरगळली. एक बैलगाडी आमच्या बाजूने आरामात पुढे निघून गेली.

मग सहस्रबुद्धे सरांनी आपल्या बाजूची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि त्या जाळीकडे बघत राहिले. "अशा गाडीत कोणी बाळंतपणाला निघालेली बाई असती तर," एवढंच म्हणाले.

"म्हणूनच जेवाले बोलावलं सर," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात विजय नव्हता. दिवा लागला याचं त्यांनाही वाईट वाटलं होतं. गाडी त्यांचीही होती.

जाळी सीटच्या पुढच्या बाजूला खाली आली, जिथे पाय असतात, सामान नसतं. एकाऐवजी दोन तोंडं केली, म्हणजे एक झाकलं तरी दुसरं उघडं. आणि गाडीचं कुलूप उघडताच पंखा आपोआप फिरून आतली तापलेली हवा आधी काढून टाकायला लागला. हे लिहायला सोपं आहे. करायला सीटचे साचे बदलावे लागले, आणि दिवाळी गेली. कोणावर तरी त्याचं खापर फुटणारच होतं. सहस्रबुद्धे सरांच्याही वर माणसं होती. पुढच्या उन्हाळ्याआधी मॅडमची बदली झाली. मेकॅनिकांना शिकवण्याच्या विभागात. शेड दुसऱ्या कोणाकडे गेली.

गाडी बाजारात आली त्या समारंभाचं त्यांना बोलावणंही नव्हतं. मी संध्याकाळी नागपुरातच, नंदनवन भागात, त्यांच्या घरी गेलो. त्या भाजी निवडत होत्या. मी काही सांत्वनाचं बोलायला लागलो तसं त्यांनी मला थांबवलं.

"वाईट तं वाटलं गा. काहून नाही वाटणार? पण मले एक सांग, गाडी बरोबर निघाली ना?"

"निघाली मॅडम."

"मग बस. मेथीचे पराठे करून राहिली, खाऊन जा."

त्यांनी त्या मेकॅनिकांना असं शिकवलं की नागपूर, अमरावती, चंद्रपूरचे लोक गाडी दुरुस्तीला आणताना "मॅडमनं शिकवलेला पोरगा कोणता" असं विचारायचे. ती दुसरी पिढी चांगली चालली. विदर्भातल्या टॅक्सीवाल्यांनी ती उचलली, आणि टॅक्सीवाल्याने उचललेली गाडी मग घराघरांत जाते.

तिसऱ्या पिढीची तयारी सुरू झाली तेव्हा एके दिवशी त्यांचा फोन वाजला. मी तिथेच होतो. सहस्रबुद्धे सर म्हणत होते, "मॅडम, शेड परत घ्याल का?"

मॅडमनी आढेवेढे घेतले नाहीत. "घेईन. पण चाचण्या मी ठरवीन."

"म्हणूनच फोन केला."

ही तिसरी गाडी इंजिन बंद ठेवून नुसत्या विजेवर गल्लीतून जाऊ शकत होती. आम्ही ती इतवारीत नेली, धान्यबाजाराच्या गर्दीत. हातगाड्या, टेम्पो, पोती. गाडी आवाज न करता सरकत होती, आणि मी अभिमानाने बघत होतो. पुढे एक हमाल पाठीवर पोतं घेऊन चालला होता. तो बाजूला झालाच नाही. मॅडमनी ब्रेक दाबला, बंपर त्याच्या पोटरीपासून वीतभर अंतरावर थांबला. तो वळला, दचकला आणि कडाडला, "ओ बाई! आवाज तं करा! भुतासारखे कुठून येऊन राहिले?"

मॅडम खाली उतरल्या. त्यांनी हात जोडले. "चुकलं भाऊ. लागलं तं नाही ना?" तो पुटपुटत गेला. त्या तशाच रस्त्यात उभ्या राहिल्या, मागे टेम्पो हॉर्न मारत होता. "आपल्याले शांत गाडी पाहिजे होती," मला म्हणाल्या. "त्याले नाही. रस्ता त्याचाही आहे ना?" त्याच आठवड्यात हळू चालताना मंद आवाज करणाऱ्या भोंग्याची मागणी पुण्याला गेली. या वेळी कोणी वाद घातला नाही. आवाज कोणता असावा यावर मात्र महिनाभर चर्चा झाली. एकाने सतार सुचवली होती. मॅडम म्हणाल्या, "गाडीचाच असू द्या. लोक रस्त्यावर गाणं ऐकाले थोडीच येते."

मागच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाचं भाषण करायला उभ्या राहिल्या आणि नव्या बॅटरीतल्या एका गळतीबद्दल बोलत राहिल्या. शेवटी सहस्रबुद्धे सरांनी हळूच घड्याळ दाखवलं. आता त्या पारशिवनीला असतात, भावाच्या शेजारी घर बांधलंय. शेड माझ्याकडे आहे.

या उन्हाळ्यात चौथ्या पिढीची गाडी आली. दिसायला देखणी, आधीच्या सगळ्यांपेक्षा हुशार. सही आता मला करायची होती, मला झोप लागेना. मी मॅडमना फोन केला. "दोन दिवस या ना मॅडम. तुम्ही एकदा बघितली की मला बरं वाटेल."

"नाही येत."

मला वाटलं तब्येतीचं काही आहे. विचारलं.

"तब्येत मस्त आहे. पण मी आली तं तू माझ्याकडं पाहशीन. गाडीकडं नाही."

मी वाद घातला, विनवण्या केल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मला राग आला, खरं सांगायचं तर थोडं पोरकंही वाटलं. मग मी गाडी घेऊन निघालो. हमरस्ता सोडून पेंचकडच्या गावांत गेलो, मुरमाच्या रस्त्यांवर, उन्हाळी धुळीत, पुढच्या ट्रॅक्टरमागे. आठवडाभर रोज. पाचव्या-सहाव्या दिवशी बॅटरीचा पंखा घरघरायला लागला. शेडमध्ये आणून सीट उघडली. पंख्यापुढच्या फिल्टरवर धुळीची दुलई बसली होती. तो साफ करायला सबंध सीट काढावी लागते, ती फक्त सर्व्हिस सेंटरमध्ये निघते, आणि सावनेर-पारशिवनीच्या माणसाने त्यासाठी नागपूरला खेटे घालायचे. फिल्टर हाताने काढता आला पाहिजे, घरच्या घरी झटकता आला पाहिजे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी स्वतः बघितलं होतं.

पुण्याला हे पटणार नव्हतं. गाडीची तारीख ठरली होती. मी पुन्हा मॅडमना फोन लावला आणि सगळं एका दमात सांगितलं. धूळ, पंखा, सीट, फिल्टर. शेवटी म्हणालो, "मॅडम, मी सही करणार नाही आहे."

पलीकडे विठ्ठलभाऊंच्या म्हशीचं रेकणं ऐकू आलं. मग त्या म्हणाल्या, "मग मले काहून सांगून राहिला? त्यायले सांग ना."

आणि फोन ठेवला. मी पुण्याचा नंबर लावला.